अल्याडची विहीर, पल्याडची विहीर

नीळकंठराव,

तुमचा सूक्ष्मदर्शक काल पुण्याला, तुमच्या कॉलेजात परत पाठवला. भुसा भरलेल्या खोक्यात तो मी स्वतः ठेवला. खोकं टांग्यात चढवताना हमालाला इतक्यांदा 'जपून, जपून' म्हणालो की तो शेवटी वैतागून म्हणाला, "रावसाहेब, यात काय देव हायेत का?" मी नाही म्हणालो. पण टांगा वळणाआड जाईपर्यंत फाटकातच उभा राहिलो.

खिडकीजवळची तुमची जागा रिकामी आहे. तिथे कपाट ठेवावं असं एकदोघांनी सुचवलं. मी अजून हो म्हटलेलं नाही.

तुम्ही कुठे जन्मलात, कोणत्या पदव्या मिळवल्यात, हे तुमच्या कॉलेजच्या अंकात येईलच. ते मी इथे लिहीत नाही. मला तुमच्याशी बोलायचं आहे, कारण आपलं भांडण अर्धं राहिलं.

सदतीस साली मुंबईला लोकांनी निवडून दिलेलं मंत्रिमंडळ आलं आणि वरून नवनव्या कल्पना उतरू लागल्या. त्यातलीच एक म्हणजे तुम्ही. कॉलेजातला अभ्यासू माणूस उचलायचा आणि जिल्ह्याच्या कचेरीत आणून बसवायचा. त्यानं नुसता अहवाल लिहून निघून जायचं नाही. हुकूम जिथे तयार होतात तिथेच बसून, हुकूम लिहिणाऱ्यांच्या बरोबरीनं काम करायचं. ऐकायला चांगलं होतं. पण दसरा होऊन गेल्यावर एका सकाळी तुम्ही काचेच्या बाटल्यांची पेटी पोटाशी धरून माझ्या खोलीत उभे राहिलात, तेव्हा मला एकच प्रश्न पडला : आमच्या कचेरीत प्राणिशास्त्राच्या प्रोफेसरानं करायचं तरी काय?

मी कलेक्टरसाहेबांचा चिटणीस. त्यांच्यापुढे जाणारा प्रत्येक कागद माझ्या हाताखालून जातो. त्यामुळे तुम्हाला बसवायचं कुठे, हाही माझाच प्रश्न.

"उजेड असेल तिथे बसवा," तुम्ही म्हणालात. "खुर्ची नसली तरी चालेल."

"आणि कामाचं?"

"नारू."

एवढंच बोलून तुम्ही पेटी उघडायला घेतलीत. नारूचं मला नवल नव्हतं. कळवण, पेठच्या बाजूला उन्हाळा आला की निम्मं गाव लंगडतं, हे मी नोकरीला लागल्यापासून ऐकत होतो. पायाला फोड येतो, फुटतो, आणि आतून दोऱ्यासारखा पांढरा किडा डोकं काढतो. काडीला गुंडाळत गुंडाळत तो रोज थोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सडतो. हे सगळं मला ठाऊक होतं. पण कचेरीच्या दृष्टीनं ते उन्हासारखं होतं. उन्हावर कोणी हुकूम काढत नाही.

तुम्ही काढायला निघाला होतात. दुसऱ्याच दिवशी कुठल्याशा विहिरीच्या पाण्याचा थेंब काचेखाली ठेवून तुम्ही सगळ्या कचेरीला बोलावलंत. पट्टेवाल्यापासून मामलेदारापर्यंत एकेकजण येऊन एक डोळा मिटून बघत होता. मीही बघितलं. पाण्यात एक पिसू टुणटुण उड्या मारत होती. "हिच्या पोटात नारूचं पिल्लू," तुम्ही सांगितलंत. "फुटका पाय घेऊन माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरतो, पिल्लं पाण्यात सुटतात, पिसू ती खाते, आणि तेच पाणी आपण पितो. पाय पाण्यात जाणार नाही एवढं केलं, तर नारू संपला. पायऱ्या बुजवा, कठडा बांधा, वर रहाट बसवा."

"इतकंच?" मी विचारलं.

"इतकंच. आणि म्हणूनच ते करून बघितल्याशिवाय खरं मानायचं नाही."

तुमचा हा स्वभाव मला पहिल्यांदा तेव्हा कळला. आम्ही कचेरीतली माणसं एखादी गोष्ट पटली की हुकूम काढून मोकळे होतो. तुम्ही पटलेल्या गोष्टीवर जास्त संशय घ्यायचात.

त्या हिवाळ्याची मला आता फार आठवण येते. नाशिकची थंडी तुम्हाला सोसत नसे, तरी सकाळी गंगेवर, गोदेकाठी, फिरायला तुम्ही यायचातच. मफलर कानावरून गुंडाळलेला, चष्मा वाफेनं आंधळा झालेला. तांबट आळीतून परतताना ठोक्यांच्या आवाजात आपल्याला एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही, पण तुम्ही थांबायचा नाहीत. मी नुसती मान हलवायचो. आळी संपली की तुम्ही विचारायचात, "मग, पटलं ना?" मी म्हणायचो, "काय पटलं?" आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सांगायचात.

गुरुवारी जेवायला आमच्याकडे. इंदूच्या हातचं भरीत तुम्हाला आवडायचं, इतकं, की तुमच्या घरच्यांनी पुण्याहून पाठवलेल्या लोणच्याची बरणी तुम्ही तिला देऊन टाकलीत आणि वर म्हणालात, "वहिनी, हे कुणाला सांगू नका." इंदू पाणी फडक्यानं गाळते हे बघून तुम्ही जेवता जेवता उठलात.

"वहिनी, हे फडकं दुहेरी धरा. मग या घरात नारू येणार नाही."

"मग गावोगावी हेच सांगा की," ती म्हणाली. "विहिरी कशाला बांधता?"

"घरात ठीक आहे. शेतात उन्हाची तहान लागली की फडकं कोण शोधतं?"

इंदूनं ते मान्य केलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण पुढे गावात जाताना ती आपल्याबरोबर आली. विहिरीवर बायका असत आणि आपण दोघं पुरुष गेलो की पदर ओढून गप्प होत. इंदू पायरीवर बसायची, कुणाच्या पाठीवर हात ठेवायची, आणि आपण झाडाखाली उभे. तिनं विचारून आणलेलं ऐकून तुम्ही म्हणायचात, "सरकारनं खरं तर वहिनींना नेमायला हवं होतं." ती म्हणायची, "मला नको. तुमच्या कचेरीत चहा वाईट मिळतो."

कळवणच्या वाटेवर, ओढ्याच्या दोन बाजूंना असलेली दोन गावं तुम्ही निवडलीत. कचेरीत आपण त्यांना अल्याड आणि पल्याड म्हणू लागलो. दोन्हीकडे सारख्याच पायऱ्यांच्या विहिरी, सारखीच शेती, सारखाच नारू. आणि मग तुम्ही ते टिपण माझ्यापुढे ठेवलंत : अल्याडची विहीर आता बांधायची, पल्याडची दोन उन्हाळे तशीच ठेवायची.

मी ते वाचून बाजूला सारलं.

"तशीच ठेवायची म्हणजे? विहीर वाईट आहे हे कळल्यावर?"

"कळलेलं नाही, चिटणीस. वाटतंय. अल्याडला नारू कमी झाला आणि पल्याडला झाला नाही, तर कळेल. दोन्हीकडे बांधली आणि नारू कमी झाला, तर साहेब म्हणतील पाऊस चांगला झाला म्हणून कमी झाला. मग बाकीच्या जिल्ह्यासाठी कोण हुकूम काढणार?"

"आणि पल्याडच्या माणसांना मी काय सांगू? तुम्ही लंगडा, आम्ही बघतो?"

"इतकी वर्षं त्यांना कुणी काय सांगत होतं?"

तुमचा टोला बरोबर बसला. पण माझा प्रश्न चुकीचा होता असंही मला वाटत नाही. सरकार म्हणजे तुमच्या काचेखालचा थेंब नव्हे. कचेरीच्या दारात माणूस येऊन उभा राहतो आणि विचारतो, त्याला उत्तर द्यावं लागतं. तुम्ही म्हणायचात, एका गावाला बरं वाटावं म्हणून शंभर गावांचं नुकसान करू नका. आपण दोघंही त्याच टेबलाशी बसून हेच भांडायचो, आणि मग एकाच टांग्यानं घरी जायचो.

टिपण पुढे गेलं. साहेबांनी सही केली. मकरसंक्रांतीच्या सुमाराला अल्याडची विहीर बांधून झाली.

याच टिपणात तुमचं आणखी एक वाक्य होतं. गावातल्या प्रत्येकाला, महारवाड्यातल्या माणसांनाही, याच विहिरीवर पाणी भरू द्यावं. नाहीतर ती माणसं ओढ्यातल्या डबक्याचं पाणी पीत राहतील आणि नारू तिथे टिकेल. मी म्हणालो, "नीळकंठराव, गाव पेटेल." तुम्ही म्हणालात, "मी समाजसुधारणा लिहीत नाही. किड्याचं लिहितोय." वाक्य तुमच्या शब्दांत वर गेलं. वरून परत आलं ते असं : विहिरीचं काम मंजूर, पाणी कोणी भरावं हा गावाच्या रीतीचा प्रश्न, त्यात सरकारनं पडू नये. तो शेरा वाचून तुम्ही चष्मा काढून बराच वेळ पुसत बसलात.

मग पहिला उन्हाळा आला, आणि अल्याडला नारू गेल्या वर्षाइतकाच निघाला.

साहेबांनी आपल्या दोघांना बोलावलं ती दुपार आठवते? पंखा ओढणारा डुलक्या घेत होता. साहेब शांतपणे म्हणाले, "प्रोफेसर, विहीर बांधली. नारू तसाच. मग आता काय?"

"आता पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबायचं," तुम्ही म्हणालात.

"का?"

"कारण आज पायातून निघतोय तो नारू गेल्या उन्हाळ्यात प्यायलेल्या पाण्यातला आहे. किड्याला अंगात वाढायला वर्ष लागतं. या वर्षीच्या पाण्याचा हिशेब पुढच्या वर्षी."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "तुमचं शास्त्र जरा घाई करू शकत नाही का? मुंबईला मला वर्षाच्या आत उत्तर द्यायचं आहे."

"मी करू शकतो," तुम्ही म्हणालात. "किडा करणार नाही."

मी तिथे काय बोललो ते तुम्ही नंतर कधी काढलं नाहीत, पण मला ते आठवतं आणि त्याचं बरं वाटतं. मी साहेबांना म्हणालो, आत्ता जर थांबवलं तर विहिरीवरचा खर्चही वाया जाईल आणि उत्तरही. तुमची नेमणूक आणखी वर्षभर वाढवून घ्यावी. साहेबांनी माझ्याकडे जरा आश्चर्यानं बघितलं. मला स्वतःलाही आश्चर्य वाटलं. बाहेर आल्यावर जिन्यात तुम्ही माझा हात धरलात. अर्ध्या जिन्यापर्यंत सोडला नाहीत.

आणि तरी महिन्याभरात आपण बोलेनासे झालो.

पल्याडची ठकूबाई कचेरीत आली होती. तिच्या नवऱ्याच्या दोन्ही पायांना नारू, पेरणी तोंडावर, आणि ती एवढं चालत आली. माझ्या टेबलापुढे उभी राहून म्हणाली, "अल्याडले इहीर बांधी. आम्हनं गाव सावत्र शे का, भाऊ?"

त्यात ना राग होता ना रडणं. ती खरंच विचारत होती. मी त्याच आठवड्यात साहेबांपुढे कागद ठेवला आणि पावसाळा सरला की पल्याडची विहीरही बांधायची, असा हुकूम घेतला. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक होतं.

"दोन उन्हाळ्यांच्या योजनेवर पाणी फिरवलंत, चिटणीस," तुम्ही म्हणालात. आवाज चढवला नाहीत. "एका बाईला तुम्ही नाही म्हणू शकला नाहीत."

"नाही म्हणू शकलो नाही. आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन."

त्यानंतर एकाच खोलीत आपण दोघं पाहुण्यांसारखे बसलो. गुरुवारी तुम्ही आला नाहीत. इंदूनं एकदा भरीत करून डबा पाठवला, तो रिकामा परत आला, घासूनपुसून, पण चिठ्ठी नाही की निरोप नाही. ती म्हणाली, "खाल्लंय ना, म्हणजे येतील."

आणि आलात. श्रावणातली सकाळ होती, मी पूजेला बसलो होतो. दारातूनच तुमचा आवाज, "चिटणीस! अहो चिटणीस!" मला वाटलं, कुणाला काही झालं. बघतो तर तुम्ही उंबऱ्यात उभे, चपला पायात तशाच, आणि हसताय.

"साहेबांना मी काय सांगितलं होतं? आजचा नारू गेल्या वर्षीच्या पाण्याचा. बरोबर?"

"बरोबर."

"मग पल्याडची माणसं या उन्हाळ्यात ते पाणी पिऊन बसलीच आहेत! विहीर पावसाळ्यानंतर बांधली काय, न बांधली काय, पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा नारू निघणारच. म्हणजे तुलना जशीच्या तशी राहते. तुमच्या हुकुमानं काहीच बिघडलं नाही. आणि हे मला, मला, इतके दिवस सुचलं नाही!"

मी ताम्हण हातात घेऊनच उभा होतो. इंदू आतून म्हणाली, "चपला काढा आधी." तुम्ही काढल्यात, आत आलात, पाटावर बसलात, आणि मग एकदम गंभीर झालात.

"म्हणजे चिटणीस, तुम्ही त्या बाईला जे दिलंत तेही तिला पुढच्या वर्षी मिळणार नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मिळेल."

"मला माहीत नव्हतं ते," मी म्हणालो.

"तरी बांधा," तुम्ही म्हणालात.

तुमच्या तोंडून ते दोन शब्द ऐकले आणि मला वाटलं, आता आपलं भांडण संपलं. संपलं नव्हतं. आठवड्याभरानं तुम्ही पुन्हा तिसऱ्या एका गावाचं टिपण घेऊन आलात, 'हे मात्र तसंच ठेवा' म्हणत. पण त्या सकाळी तुम्ही आमच्याकडे इतका वेळ बसलात की दोघांनाही कचेरीला उशीर झाला.

मार्गशीर्षात पल्याडची विहीर पुरी झाली. आपण दोघं नव्या कठड्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या. तुम्हाला पुण्याला परत जायचं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. तुम्ही म्हणालात, "वर्गात मी मुलांना उत्तरं सांगतो. इथे उत्तर चुकलं तर कुणाचा तरी पाय सुजतो. इथे मन लावून विचार करावा लागतो." मी म्हणणार होतो की तुम्ही आल्यापासून मीही सही करण्याआधी थोडा थांबतो. शेंगांची टरफलं झटकण्यात ते राहून गेलं. आता सांगतो : थांबतो, नीळकंठराव. कारकून कुरकुर करतात. तरी थांबतो.

चैत्रात तुम्हाला विषमज्वर झाला. डॉक्टर म्हणाले तीन आठवडे जपा. तुमची माणसं पुण्याहून आली. मी रोज यायचो, तुम्हाला रोज एकच विचारायचं असायचं, "अल्याडहून काही कळलं?" फोड यायचे दिवस नुकते सुरू होत होते. मी म्हणायचो, अजून लवकर आहे. शेवटच्या भेटीत तुमच्या घरच्यांनी मला खुणेनं सांगितलं, बरं आहे असं सांगा. मी तुमच्याजवळ बसलो. चांगली बातमी आहे म्हणालो असतो तर तुम्ही सुखानं डोळे मिटले असतेत. पण तुम्ही माझ्याकडे बघितलंत ते चष्मा नसलेल्या, पण तपासणाऱ्या डोळ्यांनी, आणि माझ्यानं ते बोलवेना. मी म्हणालो, "अजून काही कळलेलं नाही."

"मग ठीक," तुम्ही म्हणालात. "कळलं की सांगा."

म्हणून हे सांगतो आहे.

वैशाख अर्धा उलटल्यावर इंदू आणि मी गेलो. अल्याडच्या वेशीत शिरलो आणि मला आधी कळेना की काय वेगळं आहे. मग इंदूच म्हणाली, "अहो, सगळे चालतायत." खरंच, सगळे चालत होते. नांगरट सुरू होती, बायका रहाटावर हसत होत्या. घरोघर फिरलो. गावात नारू नाही.

महारवाड्यात मात्र होता. तीन घरांत पाय बांधलेली माणसं पडून होती. त्यांचं पाणी ओढ्यातल्या डबक्याचं, तुम्ही लिहिलं होतं तसंच. मी परत येऊन साहेबांना तुमचं ते जुनं वाक्य पुन्हा लिहून दिलं, त्यात एक अक्षरही बदललं नाही, आणि खाली जोडलं की आता हे वाटणं नव्हे, हे कळलेलं आहे. साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "मुंबईला जाऊ दे. आणि त्याच विहिरीवर महारवाड्यासाठी रहाट बसवायला मंजुरीची वाट बघू नका." पुढच्या आठवड्यात मी तिकडे जाणार आहे. गाव पेटेल की नाही, ते बघू. मी तिथे असेन.

आणखी एक. साहेबांनी विचारलं, तुमच्या जागी कॉलेजातून दुसरा माणूस मागवायचा का, की हा प्रयोग इथेच संपवायचा? मी म्हणालो, मागवा. ते म्हणाले, "तुमचं तर प्रोफेसरांशी पटत नव्हतं ना?" मी म्हणालो, "म्हणूनच मागवा."

अल्याडहून आम्ही ओढा ओलांडून पल्याडला गेलो. तिथे दर दुसऱ्या दारात माणूस पाय पसरून बसलेला. ठकूबाईनं आम्हाला लांबूनच ओळखलं. या खेपेला तिच्या स्वतःच्या पायातून नारू निघाला होता. काठी टेकत आली.

"इहीर बांधी दिनी, तरी नारू शेच," ती म्हणाली. "त्या चष्मावाला भाऊ कोठे शेतस? त्यास्ले इचारनं व्हतं."

मी सांगितलं की ते वारले. ती काठीवर तशीच उभी राहिली. मग खाली बसली आणि इंदूला जवळ बसायला जागा केली.

मग तिला ते मलाच सांगावं लागलं. हा किडा गेल्या उन्हाळ्याच्या पाण्यातला आहे, नव्या विहिरीचा दोष नाही, अजून एक वर्ष थांबायला हवं. कुणालाही थांबा म्हणू नका, असं तुमच्याशी दीड वर्ष भांडणारा मी, त्या बाईला थांब म्हणत होतो. तुमचं वाक्य तुमच्याच तोंडी किती सोपं वाटायचं.

ठकूबाईनं सगळं ऐकून घेतलं. पायावरची पट्टी सारखी केली.

"मंग पुढला उन्हाळामा तुम्हीच या, देखाले," ती म्हणाली.

मी येतो म्हणालो.

तुम्ही असता तर वाटेतच मला बजावलं असतंत, "चिटणीस, तिथे नारू दिसला नाही तरी लगेच आनंदू नका. आणखी एक वर्ष बघू." बरोबरच असेल तुमचं. पण ती बाई दोन पायांवर चालत मला सामोरी आली, तर मी आनंदणार आहे, नीळकंठराव. तेवढ्यापुरतं तुमचं ऐकणार नाही.